नवी कार्यप्रणाली आणि संगणकाची स्मृती

विंडोज १० या कार्यप्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. साहजिकच कार्यालयांतील व शाळांतील संगणकांवर विंडोज ११ बसविण्याचे काम निघाले. त्यानंतर एखादे यंत्र मध्येच कोसळते, पडद्यावर 'मेमरी मॅनेजमेंट' अशी सूचना येते आणि सारा दोष नव्या प्रणालीच्या माथी मारला जातो. तो नेहमीच तिचा असतो असे नाही.

संगणकाचे चालू काम रॅम या तात्पुरत्या स्मृतीत होत असते. तिचा एखादा भाग सदोष असला आणि जुन्या प्रणालीला त्याची क्वचितच गरज पडत असली, तर तो दोष वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही. नवी प्रणाली अधिक स्मृती व्यापते व तो उघडा पडतो. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम लागते. एवढ्यावर काम रखडतच चालते, हा भाग वेगळा. अपुऱ्या रॅममुळे यंत्र मुख्यतः मंदावते. सदोष रॅममुळे ते कोसळते, किंवा न कोसळता धारिकेत चुकीचा आकडा उतरवून ठेवते. कर आकारणीच्या नोंदी वा परीक्षेचे गुण असलेल्या संगणकात हा दुसरा प्रकार अधिक घातक होय.

यास्तव प्रथम धारिकांची प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी. मात्र पूर्वीची प्रत पुसून तिच्या जागी ती ठेवू नये. त्यानंतर विंडोजमधीलच 'मेमरी डायग्नोस्टिक' ही चाचणी चालवावी. संगणक पुन्हा सुरू होऊन रॅमची तपासणी होते. एका फेरीत दोष आढळला नाही म्हणून निश्चिंत राहू नये. विस्तृत चाचणी रात्रभर चालू ठेवणे बरे. दोष आढळल्यास वीजपुरवठा तोडून रॅमच्या पट्ट्या काढाव्यात व एकेक बसवून तपासाव्यात. कित्येकदा पट्टी खाचेत नीट न बसणे एवढेच कारण निघते.

रॅम निर्दोष ठरली, तर संशय ड्रायव्हरवर, म्हणजे यंत्रभाग व प्रणाली यांना जोडणाऱ्या आज्ञावलीवर जातो. संगणक 'सेफ मोड'मध्ये सुरळीत चालत असेल, तर तो बळावतो. अशा वेळी यंत्राच्या उत्पादकाने विंडोज ११ साठी दिलेले ड्रायव्हर घ्यावेत.

डिस्क पुसून प्रणाली पुन्हा बसविण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. सदोष रॅमवर तो निष्फळ ठरतो. जुन्या प्रणालीकडे परतण्याची सोय साधारणतः पहिले १० दिवसच असते, म्हणून ही तपासणी त्या मुदतीत उरकावी.