आयला! धुराची चव असलेलं बेट

स्कॉटलंडचा पश्चिम किनारा समुद्राने पार कुरतडून ठेवला आहे. तिथल्या एका बेटाचं नाव चक्क 'आयला'! तिकीट काढतानाच मराठी माणसाला हसू फुटतं. केनाक्रेगहून बोटीने साधारण दोन तासांत तिथे पोचता येतं. दक्षिण किनाऱ्यावर लफ्रॉइग, लागावुलिन आणि अर्डबेग या तीन डिस्टिलरी एकाच पायवाटेवर आहेत.

इथल्या व्हिस्कीला धुराचा, काहीसा दवाखान्याचा वास येतो. तो येतो पीटमधून. पाणथळ, आम्लयुक्त जमिनीत ऑक्सिजन पोचत नाही. त्यामुळे शेवाळ आणि गवत मेलं तरी पूर्ण कुजत नाही, थरावर थर साचत जातो. हेच पीट. ते वाळवून जाळतात आणि मोड आलेलं बार्ली त्या धुरावर सुकवतात. ओलसर दाण्यांना धुरातली फिनॉल, क्रेसॉल, ग्वायाकॉल ही संयुगं चिकटतात. अर्डबेगच्या माल्टमध्ये त्यांचं प्रमाण दहा लाखांत साधारण ५० भाग असतं. दवाखान्याची आठवण येते तीही उगाच नाही: १८६५ साली ग्लासगोत जोसेफ लिस्टरने जखमा निर्जंतुक करायला वापरलेलं कार्बॉलिक ॲसिड म्हणजे फिनॉलच.

आता फिनलॅगनला चला. तळ्यातल्या छोट्या बेटांवरच्या या अवशेषांतून मॅकडोनाल्ड घराण्याचे 'बेटांचे अधिपती' राज्य करत. १४९३ मध्ये त्यांची सत्ता गेली. पीट वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतं. म्हणजे त्या वर्षाचा थर आज जेमतेम अर्धा मीटर खाली असेल. आठव्या शतकातला किल्डाल्टनचा दगडी क्रूस घडवला गेला, तेव्हाचा थर सव्वा मीटरच्या आसपास. फावड्याच्या काही घावांत शतकं निघतात, ती पुन्हा साचायला मात्र शतकंच लागतात.

प्रश्न फक्त इतिहासाचा नाही. पीटभूमी जगातल्या जमिनीच्या सुमारे ३ टक्के आहे, पण सगळ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन धरून आहे. चर खणून ती कोरडी केली की ऑक्सिजन आत शिरतो, कुजणं सुरू होतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बागकामाच्या मातीसाठी होणारा उपसा व्हिस्कीपेक्षा कितीतरी मोठा आहे, हे खरं. तरी डिस्टिलरीही सुटत नाहीत. कमी पीटमध्ये तेवढाच धूर कसा धरायचा आणि चर बुजवून पाणथळ जागा पुन्हा कशी जिवंत करायची, यावर स्कॉटलंडमध्ये काम चालू आहे.

तिकडे गेलात तर दोन गोष्टी करा. पेल्यात थोडं पाणी घाला. स्वीडनच्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपाने दाखवलं, की मद्यार्क कमी असला की ग्वायाकॉल पृष्ठभागाजवळ राहतं. म्हणजे ते नाकापर्यंत सहज पोचू शकतं. आणि डिस्टिलरी दाखवणाऱ्याला विचारा, "पीट कुठून आणता आणि त्या जागेचं पुढे काय करता?" न पिणाऱ्यांनीही विचारावा असा हा प्रश्न आहे.