कापड खाणारी बुरशी, कापड घडवणारी बुरशी

व्यापारी बंधूंनो, पावसाळ्यात गोदामाचे दार उघडल्यावर जो कुबट वास येतो, तो आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. एका वर्षी आम्ही ग्रे कापडाच्या गाठी भिंतीला चिकटवून सरळ फरशीवर रचल्या. सप्टेंबरात गाठी फोडल्या, तर आतल्या ताग्यांवर काळे-हिरवट डाग. धुतल्यावर डाग फिके झाले, पण कापडातला दम गेला होता. बोटांनी ताणले की फाटत होते. माल अर्ध्या भावात काढावा लागला.

तेव्हापासून आम्ही बुरशीला दुश्मन समजत होतो. पुढे प्रोसेसिंगच्या कामाशी संबंध आला आणि कळले की हीच जमात आपल्या धंद्यात कारागीर म्हणूनही राबते. तिच्याकडून काम कसे घ्यायचे हे ज्याला समजले त्याचा फायदा, न समजले त्याचे नुकसान.

माल का सडतो?

यंत्रमागावर ताण्याचे सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात. ही खळ बहुधा स्टार्चची, म्हणजे पिठाच्या जातीची असते. बुरशीला ती आयतेच जेवण. हवेतला दमटपणा ७० टक्क्यांच्या वर टिकला की ती आधी खळ खाते, मग सुती धाग्यावर येते. पॉलिएस्टरचा धागा ती सहसा खात नाही, पण त्यावरची खळ आणि तेल तिला चालते. म्हणून डाग तिथेही पडतात.

उपाय साधे आहेत. गाठी फळ्यांवर ठेवाव्यात, भिंतीपासून हातभर दूर ठेवाव्यात, ओलसर माल बांधू नये आणि आधी आलेला माल आधी काढावा. खळीत मिळेल ते बुरशीनाशक मात्र टाकू नये. पेन्टाक्लोरोफिनॉल नावाचे औषध पूर्वी सर्रास वापरत. जर्मनीने १९८९ मध्ये त्यावर बंदी घातली. निर्यातीच्या मालात ते सापडले तर सौदा तिथेच संपतो.

खळ काढणारा कारागीर

रंगाईपूर्वी हीच खळ काढावी लागते. जुन्या काळी कापड रात्रभर पाण्यात भिजत ठेवत. पाण्यातले जंतू खळ खात, पण वेळ चुकली तर कापडही जाई. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ब्वादँ आणि एफ्राँ या दोन संशोधकांनी वेगळी वाट काढली. बॅसिलस जातीचे जंतू वाढवायचे आणि कापडावर जंतू न घालता फक्त त्यांचा पाचक रस वापरायचा. तोच आज बाजारात मिळणारा अमायलेज एन्झाइम. तो स्टार्च तोडतो, सुताला हात लावत नाही.

पण या रसाला मिजाज आहे. साधा अमायलेज ६० ते ७० अंश उष्णतेत चांगले काम करतो. उकळत्या पाण्यात तो मरतो. उकळीजवळ टिकणारा प्रकारही मिळतो, पण तो वेगळा मागावा लागतो. एका ठिकाणी कामगाराने घाईने साध्या एन्झाइमवर उकळते पाणी ओतलेले आम्ही पाहिले आहे. खळ तशीच राहिली, रंग ठिपक्याठिपक्यांनी बसला आणि दोष रंगाऱ्याच्या माथी आला. यावर एक सोपी परीक्षा आहे. रंगाईआधी कापडाच्या कोपऱ्यावर आयोडिनचा थेंब टाकावा. डाग निळा झाला तर खळ बाकी आहे. दोन रुपयांचा थेंब हजारो रुपयांचा तागा वाचवतो.

तंबू खाणारी बुरशी

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन फौजेचे सुती तंबू सडू लागले. कारण शोधताना ट्रायकोडर्मा जातीची एक बुरशी हाती लागली. एल्विन रीज आणि मेरी मँडेल्स यांनी तिचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. रीज यांच्या नावावरून तिला ट्रायकोडर्मा रीसी म्हणतात. तिचा सेल्युलेज रस सुती धागाच तोडतो.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस हाच रस डेनिम धुलाईत आला. तोवर जीन्सला जुनेपणा आणण्यासाठी प्यूमिस दगडांबरोबर घुसळत. त्यात मशिन झिजे आणि दगडाचा चुरा नाल्यात साचे. सेल्युलेजने धाग्याचा वरचा थर सुटतो आणि त्याबरोबर नीळ उतरते. टी-शर्टच्या कापडावरची लव आणि गोळेही तो काढतो. २००८ मध्ये या बुरशीचा संपूर्ण जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला. तेव्हापासून तिच्यात फेरफार करून नवे रस बनवण्याचे काम जोरात आहे.

इथेही थांबवणे महत्त्वाचे. वेळेवर तापमान ८० अंशांवर नेऊन किंवा सोडा घालून रस मारला नाही, तर तो कापड खातच राहतो. वजनात ३ ते ५ टक्के घट चालते. त्यापुढे गेले तर तंबूचे झाले तेच आपल्या मालाचे होते.

सांडपाण्यातले मजूर

प्रोसेस हाऊसचे सांडपाणीही जंतूच साफ करतात. १९१४ मध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी जिवंत गाळाची पद्धत दाखवली. टाकीत हवा सोडायची आणि जंतूंना घाण खाऊ द्यायची. आज सामायिक प्रक्रिया केंद्रे याच तत्त्वावर चालतात. मात्र एका कारखान्याने रात्री तेजाब किंवा ब्लीच एकदम सोडले, तर सगळ्यांच्या टाकीतले जंतू मरतात. एकाची गफलत आणि दंड सर्वांना.

या मजुरांचीही मर्यादा आहे. अझो रंग तुटायला आधी हवेविना टाकी लागते आणि उरलेले विषारी तुकडे संपवायला नंतर हवेची. रंगाईतले मीठ तर कोणताच जंतू खात नाही. तामिळनाडूत तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांना २०११ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने कुलपे लागली, त्याचे कारण नोय्यल नदीत जाणारे खारे, रंगीत पाणी. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या भावांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. नदी गेली तर धंद्यालाही पाणी उरत नाही.

उद्याची बातमी

पॉलिएस्टर कुजत नाही असे आपण म्हणत आलो. २०१६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी प्लास्टिकच्या बाटल्यांचे पीईटी खाणारा जंतू जाहीर केला. पॉलिएस्टर म्हणजे तेच पीईटी. २०२० मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी सुधारलेल्या एन्झाइमने १० तासांत ९० टक्के पीईटी मूळ घटकांत तोडून दाखवले. चिंध्यांवर हे काम अजून अवघड आहे, कारण त्यांत सूत, रंग आणि बटणे मिसळलेली असतात. पण चिंधीला कच्च्या मालाचा भाव येण्याची शक्यता दिसू लागली आहे. म्हणून आजपासूनच सुती आणि पॉलिएस्टर कातरण वेगळी ठेवण्याची सवय लावली, तर तोटा काहीच नाही.

आमच्या गोदामात आता गाठी फळ्यांवर असतात आणि गल्ल्यात आयोडिनची बाटली असते. जंतू पगार मागत नाही, पण त्याला उष्णता, वेळ आणि मर्यादा ठरवून द्यावी लागते. ती ठरवणे हे मालकाचे काम आहे.