बारामतीची एप्रिलिया

इंदापूर तालुक्यात दुधाचे कॅन कशातून जातात, भिगवणची मासळी कशातून निघते, पेरूचे क्रेट शेतातून हायवेपर्यंत कोण आणतं, असं विचारलं तर निम्म्या वेळा एकच उत्तर येईल: ॲपे. ही तीनचाकी बारामती एमआयडीसीत इटलीच्या पियाजिओच्या कारखान्यात बनते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तिथूनच एक 457 सीसीची स्पोर्ट्स बाईकही बाहेर पडते आणि ती युरोपातल्या पोरांना विकली जाते, हे मात्र पंचक्रोशीतल्या लोकांनाही सांगावं लागतं. तिचं नाव एप्रिलिया आरएस 457. जाहिरातीत इटलीचं नाव मोठं, बारामतीचं बारीक.

एप्रिलियाचा जन्म सायकलींतून झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर व्हेनिसजवळच्या नोआले गावात अल्बेर्तो बेज्जो यांनी सायकलींचा कारखाना काढला. 1968 मध्ये मुलगा इव्हानो याच्या हाती कारभार आला. त्याला वेड इंजिनांचं, म्हणून आधी मोपेड आणि मग रेसच्या गाड्या. व्हॅलेंटिनो रॉसीनं आपलं पहिलं जगज्जेतेपद, 1997 चं 125 सीसीचं, एप्रिलियावरच मिळवलं. एवढं होऊनही पैशाचं गणित बिघडलं आणि 2004 च्या अखेरीस पियाजिओनं ही कंपनी विकत घेतली.

पियाजिओचं पुणे जिल्ह्याशी नातं त्याहून कितीतरी जुनं. साठच्या दशकात बजाजनं पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बांधली. 1971 मध्ये करार संपला आणि पुढच्याच वर्षी 'चेतक' आली. पुढे पियाजिओनं कानपूरच्या एलएमएलबरोबर संसार मांडला, तोही मोडला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ग्रीव्ह्जशी भागीदारी करून ॲपेचा कारखाना बारामतीत उभा राहिला. थोड्याच वर्षांत ग्रीव्ह्जचा हिस्साही इटलीकडे गेला. व्हेस्पा मात्र यायची राहिली होती. ती एप्रिल 2012 मध्ये आली, त्याच आवारातल्या नव्या कारखान्यातून. वर्षाला दीड लाख स्कूटरची क्षमता आणि किंमत 66 हजारांच्या पुढे. त्या पैशात ग्राहक ॲक्टिव्हा घेऊन उरलेले पैसे बँकेत टाकत होता. ती स्कूटर देखणी होती, आजही आहे, पण आपल्याकडे देखणेपणाला आणि मायलेजला एकाच तराजूत टाकतात. 2016 मध्ये आलेल्या एप्रिलिया एसआर 150 ला चौदा इंची चाकं होती, चालवायला ती झकास होती, तरीही ती हौशी लोकांपुरतीच राहिली.

म्हणून आरएस 457 कडे जरा बारकाईनं पाहायला हवं. ही गाडी आधी भारतासाठी बनवून मग बाहेर पाठवलेली नाही. तिची मापं युरोपच्या कायद्यानं ठरवली आहेत. तिथं नवशिक्या तरुणांना मिळणाऱ्या 'ए-टू' लायसन्सवर दोन अटी आहेत: इंजिनाची ताकद 35 किलोवॅटपेक्षा जास्त नको आणि दर किलो वजनामागे 0.2 किलोवॅटपेक्षा जास्त नको. आता भागाकार करा. आरएस 457 चं इंजिन 35 किलोवॅटचं, म्हणजे 47.6 हॉर्सपॉवरचं, आणि पेट्रोल भरलेल्या गाडीचं वजन 175 किलो. उत्तर बरोबर 0.2. गाडी पाच किलोनं हलकी केली असती तर ती कायद्यात बसली नसती. इंजिनिअरनं पट्टी लावून रेघ मारावी, तशी ही गाडी त्या रेघेवर उभी आहे.

सायकल असो की मोटारसायकल, खरा पैसा जातो तो फ्रेममध्ये. सायकलीचे शौकीन टायटॅनियमच्या फ्रेमसाठी लाखांत मोजतात. ती पोलादापेक्षा बरीच हलकी असते, गंजत नाही आणि खड्ड्याचा दणका अंगावर कमी येऊ देते, असं ते सांगतात. मोटारसायकलीत टायटॅनियमची फ्रेम कुणालाच परवडत नाही, तिथं ॲल्युमिनियम ही श्रीमंती. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना पोलादी नळ्यांचा सांगाडा असतो. आरएस 457 ला मात्र ॲल्युमिनियमचे दोन जाड बाहू आहेत आणि इंजिन हाच सांगाड्याचा भार पेलणारा एक भाग आहे. मोठ्या, वीस लाखांच्या वरच्या एप्रिलियाची ही रीत. ती चार लाखांच्या गाडीत उतरवली, हे कौतुकाचं.

इंजिनात दोन सिलिंडर शेजारी शेजारी आहेत. दोन्हींचे ठोके समान अंतरानं पडले तर आवाज सपाट निघतो. इथं क्रँकच्या दोन खुंट्या 270 अंशांवर बसवल्या आहेत. त्यामुळे एक ठोका 270 अंशांनी, दुसरा 450 अंशांनी पडतो आणि आवाजाला लंगडी, भारदस्त लय येते, मोठ्या व्ही-ट्विन इंजिनासारखी. आवाजासाठी एवढा खटाटोप करणं इटलीवाल्यांनाच सुचावं! पण तो क्रँक, ती फ्रेम, ती वायरिंग जुळवून गाडी उभी करणारे हात बारामतीतले आहेत. ब्रेक 'बायब्रे'चे, म्हणजे ब्रेम्बोच्या भारतातल्या भावंडाचे, आणि टायर टीव्हीएसचे.

'बारामतीत कसं जमलं?' हा प्रश्न पुण्या-मुंबईकडून येतो, तेव्हा मला हसू येतं. शेजारच्या इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरात, साखर कारखान्यांची यंत्रं बनवता बनवता इस्रोच्या रॉकेटच्या मोटारींची आवरणं बनू लागली, त्याला दशकं लोटली. ऊस पिकवणाऱ्या भागाला धातू कापता येतो, याचा पुरावा केव्हाच दिला गेला आहे. उणीव दुसरीकडे आहे. आराखडा नोआलेचा, निर्णय पियाजिओच्या मुख्यालयाचे, पोंतेदेराचे, आणि आपल्याकडे जुळणी. बजाजनंही चाकणला केटीएमच्या गाड्या बांधल्या, पण त्याआधीच त्यांनी त्या कंपनीत हिस्सा घेतला होता. बारामतीत अजून मालकीचा प्रश्नच निघालेला नाही. इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी अभिमानाच्या पोस्ट टाकण्याआधी हा फरक समजून घ्यावा.

गाडी डिसेंबर 2023 मध्ये गोव्यात इंडिया बाईक वीकला बाजारात आली, एक्स-शोरूम 4 लाख 10 हजारांना. क्विकशिफ्टरचे, म्हणजे क्लच न दाबता गिअर बदलू देणाऱ्या यंत्रणेचे, पैसे तेव्हा वेगळे होते. 2025 च्या सुरुवातीला तिची उघडी बहीण ट्युओनो 457 आली. हँडल उंच, बसणं सरळ आणि किंमत थोडी कमी. ज्यांना रोज पाटस-बारामती रस्त्यानं जायचं आहे त्यांनी ट्युओनोच बघावी. आरएसवर तासभर वाकून बसल्यावर मनगटं बोलू लागतात. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीवरच्या गाड्यांना 40 टक्के जीएसटी लागतो, तोही हिशेबात धरा. आणि पैसे भरण्याआधी आपल्या गावाहून अधिकृत सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे ते विचारून घ्या. कारखाना बारामतीत आहे म्हणून फाटकावर गाडी दुरुस्त करून मिळत नाही.