पाणी राखण्याचा कायदा आणि पंजाबचा धूर

राष्ट्राची संपत्ति वाढवावी कीं सृष्टीचें रक्षण करावें, हा वाद अलीकडे वर्तमानपत्रांतून नित्य वाचण्यांत येतो. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस तो शहरांतील मंडळींचा वाद वाटत असेल. परंतु पंजाबांतील भातपिकाची गेल्या साठ वर्षांची हकीकत पाहिली, तर या वादाचा झटका शेतकऱ्यास किती जवळून बसतो हें दिसून येतें. ती हकीकत येथें थोड्या विस्तारानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१९६०-६१ सालीं पंजाबांत भाताखालीं सुमारें सव्वादोन लाख हेक्टर जमीन होती. आज ती तीस लाखांच्या वर आहे. पंजाबी माणूस मूळचा गहूं खाणारा. मग एवढें भात तेथें कां पिकूं लागलें? देशांत धान्याचा तुटवडा होता व परदेशाहून गहूं आणावा लागत होता. १९६५ सालीं भारतीय अन्न महामंडळ स्थापन झालें आणि त्याच वर्षीं शेतमालाच्या किंमती सुचविणारा आयोगही नेमला गेला. ठरल्या भावानें सरकार माल उचलील, ही खात्री प्रत्यक्षांत गहूं आणि भात या दोन पिकांसच पुरती मिळाली. पुढें १९९७ पासून शेतीपंपास वीज फुकट झाली. मका किंवा कडधान्य पेरणारा बाजाराच्या लहरीवर राही. भात लावणारा राहत नसे. अशा स्थितींत ज्यानें भात लावलें त्यास अविचारी कोण म्हणेल? देशाचें कोठार त्यानेंच भरलें, हें आधीं कबूल केलें पाहिजे.

किंमत मोजली ती भूगर्भांतील पाण्यानें. दरवर्षीं जेवढें पाणी उपसण्यास हरकत नाहीं असें मानतात, त्याच्या दीडपटीहून अधिक पंजाबांत उपसलें जातें. पाणी खोल गेल्यामुळें साधे पंप काढून पाण्यांत बुडून चालणारे पंप बसवावे लागले, आणि लहान शेतकऱ्यानें त्यासाठीं कर्ज काढलें.

तेव्हां सरकारनें २००८ सालीं अध्यादेश व २००९ सालीं कायदा केला. १० मेपूर्वीं भाताचें रोप टाकूं नये, १० जूनपूर्वीं लावणी करूं नये. मोडील त्यास हेक्टरीं दरमहा दहा हजार रुपये दंड. हरियाणानेंही त्याच वर्षीं असाच कायदा केला. हेतु चांगला होता. मे महिन्याच्या उन्हांत चिखलणी केलेल्या शेतांतून पाणी उडून जातें. लावणी पावसाळ्याच्या जवळ नेली म्हणजे तेवढा उपसा वांचतो. पाण्याची घसरण त्यामुळें कांहीं काळ मंदावली, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. थांबली मात्र नाहीं. कारण भाव तोच राहिला, फुकट वीज तीच राहिली आणि भाताचें क्षेत्र वाढतच गेलें.

आतां दुसरी बाजू पाहूं. लावणी लांबली म्हणून कापणीही लांबली. गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत झाली तर उतारा चांगला येतो, हें तेथील शेतकरी पक्कें जाणतो. दोन पिकांमधील अवकाश आकसून दोन-तीन आठवड्यांवर आला. मजूर महाग, म्हणून कापणी कंबाइन यंत्रानें होते. तें यंत्र वरची लोंबी घेतें आणि धसकटें उभीं ठेवून मोकळा पेंढा शेतांत टाकून जातें. भाताच्या पेंढ्यांत वाळूचा अंश फार असल्यामुळें गव्हाच्या भुशाप्रमाणें तेथील जनावरें तो आवडीनें खात नाहींत. राहिला एकच स्वस्त उपाय, आगकाडीचा. पूर्वींही कांहीं काड जळत असे. आतां तें थंडीच्या तोंडाशीं, वारा पडलेला आणि धूर वर चढत नाहीं अशा दिवसांत एकदम जळूं लागलें. तो धूर वायव्येच्या वाऱ्यानें दिल्लीवर जातो. दिल्लीची हवा मोटारी, कारखाने व बांधकामाची धूळ यांनीं वर्षभर बिघडलेली असते, हें सांगावयास मात्र पुष्कळजण विसरतात.

पुढें बंदीवर बंदी आली. २०१५ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें काड जाळण्यास मनाई केली. २०२१ सालीं दिल्ली व आसपासच्या हवेसाठीं आयोग नेमणारा कायदा संसदेनें केला. नोव्हेंबर २०२४ मध्यें दंड दुप्पट होऊन दोन एकरांच्या आंतील शेतकऱ्यास पांच हजार व पांच एकरांवरील शेतकऱ्यास तीस हजार रुपये असा ठरला. ज्यास एका आठवड्यांत शेत मोकळें करावयाचें आहे, त्यास दंडाचा धाक किती पुरणार? सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं न जाळणाऱ्या लहान शेतकऱ्यांस क्विंटलमागें शंभर रुपये देण्यास सांगितलें होतें. आमच्या मतें विचाराची ती दिशा अधिक बरोबर होती.

उपाय मुळींच सांपडले नाहींत असें नाहीं. काड न काढतां त्यांतच गहूं पेरणारीं यंत्रें निघालीं, आणि २०१८ पासून केंद्र सरकार त्यांवर एकट्यास निम्मी व शेतकऱ्यांच्या गटास ऐंशी टक्के मदत देऊं लागलें. त्यांस जोरकस ट्रॅक्टर लागतो व वर्षांतील बाकीचे दिवस तीं उभीं राहतात, ही अडचण आहेच. उपग्रहानें मोजलेल्या पंजाबांतील आगी २०२१ सालीं ७१,३०४ होत्या, त्या २०२४ सालीं १०,९०९ वर आल्या. उपग्रह माथ्यावरून गेल्यावर शेत पेटवितात असा आक्षेप आहे, म्हणून हा आंकडा आम्ही जपूनच घेतों. पंजाब कृषि विद्यापीठाचें पी. आर. १२६ हें वाण सुमारें १२३ दिवसांत तयार होतें. जुन्या पूसा ४४ ला १६० दिवस लागत. पाणी वांचतें आणि गव्हास वेळही मिळतो. परंतु २०२४ च्या हंगामांत तांदळाचा उतारा कमी पडतो म्हणून गिरणीवाल्यांनीं याच वाणाबद्दल कुरकुर केली, आणि माल बाजारांत अडकून पडला. सरकारनें सांगितलेलें वाण लावून ज्याचा ढीग मंडईंत पडून राहिला, तो पुढील वर्षीं काय लावील?

आमच्याकडील उसाची गोष्ट याहून फार निराळी नाहीं. उसास गिऱ्हाईक ठरलेलें व भाव कायद्यानें बांधलेला. ज्वारी-तुरीची आधारभूत किंमत जाहीर होते, परंतु खरेदीची तशी खात्री नाहीं. पाचट आमच्याकडेही अनेकजण पेटवितात. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस वीज मोफत देण्याची योजना महाराष्ट्रांतही निघाली. ती सवलत ज्यास मिळते त्यानें ती नाकारावी असें आम्ही म्हणत नाहीं. पाण्याविषयीं सक्ति करणारा नियम येथेंही केव्हां तरी अधिक कडक होईल, आणि तेव्हां तुरीच्या खरेदीची व पाचट कुट्टीच्या यंत्राची सोय आधीं करून द्या असें सरकारास सांगावयाचें, तर आपल्या हातीं आंकडे हवेत. ज्या सभासदांनीं ठिबकावर ऊस घेतला असेल, किंवा पाचट न जाळतां सरींत कुजविलें असेल, त्यांनीं एकरीं खर्च, पाण्याच्या पाळ्या व उतारा यांची नोंद आमच्याकडे पाठवावी. त्या नोंदी पुढील अंकांपासून क्रमानें छापण्यांत येतील.