चित्र जमा, पण नावे कुणाच्या?

राधानगरीहून दाजीपूरच्या रानातून पुढे जाऊन फोंडा घाट उतरला, की कणकवलीवरून कुडाळ गाठता येते. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाची चित्रकथी अजून जिवंत आहे. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची सुट्या चित्रांची एक पोथी. कथा सांगणारा एक चित्र समोर धरतो, गातो, सांगतो आणि मग पुढचे चित्र काढतो. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

आजची मुले मोबाइलवर ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ नावाची खेळवजा कादंबरी वाचतात. जपानमध्ये वाढलेला हा प्रकार मला या पोथीच्या नात्यातलाच वाटतो. मागे एक स्थिर चित्र, पुढे पात्राचा चेहरा, खाली दोन ओळींचा संवाद. मध्येच खेळ विचारतो, नायिकेने पत्र उघडावे की चुलीत टाकावे? तुम्ही निवडाल तशी गोष्ट वळते. हे सारे जुळवण्याचे ‘रेनपाय’सारखे साधन २००४ पासून फुकट मिळते. घोडे अडते ते चित्रांपाशी. आम्ही कादंबरीवाले ‘पाऊस कोसळत होता’ एवढे लिहून सुटतो. येथे तो पाऊस कुणीतरी रंगवावा लागतो.

आमच्या शेजारचा एक पदवीधर तरुण गेले वर्षभर अशी गोष्ट रचतो आहे. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेले आमचे धरण, त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची रात्र आणि नदीपलीकडे अडकलेली बहीण. चित्रे तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून करून घेतो. चार शब्द लिहायचे, मिनिटभरात चित्र हजर. चित्रकाराकडे का जात नाहीस, असे विचारले तर म्हणाला, “काका, चित्रकाराला द्यायला पैसं असतं, तर मी ह्या मशिनीच्या दारात गेलो असतो काय?”

या प्रश्नाला झटकन उत्तर देता येत नाही. ज्याच्याकडे तारण नाही त्याला कर्ज नाही, हा न्याय मी बँकेच्या नोकरीत वर्षानुवर्षे पाहिला. ज्याची गोष्ट पैशांअभावी मनातच राहिली असती, त्याला हे यंत्र उभे करते, ही गोष्ट लहान नाही.

पण त्याच्या गोष्टीत एक गवा आहे. राधानगरीचे अभयारण्य पूर्वी ‘दाजीपूर बायसन अभयारण्य’ म्हणून ओळखले जाई, म्हणून त्याने यंत्राला ‘बायसन’ असे सांगितले. पडद्यावर आला तो मानेवर लोकरीचे ओझे वागवणारा अमेरिकेतला प्राणी. आपला गवा काळाभोर, तुकतुकीत, चारी पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. पोरगा हसून म्हणाला, “ह्यानं आपला गवा कदी बघितलाच न्हाई बघा.”

मग यंत्राने पाहिले तरी काय? ‘स्टेबल डिफ्यूजन’ ही अशी एक यंत्रणा २०२२ साली सर्वांसाठी खुली झाली. तिला शिकवण्यासाठी ‘लायन’ नावाच्या साठ्यातील चित्रे वापरली गेली. त्या साठ्यात इंटरनेटवरच्या सुमारे ५८५ कोटी चित्रांची, त्यांच्या मथळ्यांसह, नोंद होती. ती काढणाऱ्यांना कुणी विचारले नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये तीन अमेरिकी चित्रकार त्याविरुद्ध न्यायालयात गेले. बँकेत पहिला धडा असतो, एका खात्यात रक्कम जमा झाली, की ती दुसऱ्या कुणाच्या तरी नावे पडलीच पाहिजे. या मुलाच्या खाती चित्र जमा झाले. नावे कुणाच्या पडले?

कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायला नको. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन सोहळ्यात ‘प्राडा’ने आपल्या चपलेसारखीच चप्पल मिरवली. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, तरी कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. ओरड झाल्यावर कंपनीने तिचे मूळ मान्य केले. आपण चिडलो ते नाव गाळले म्हणून. मग चित्रकाराच्या बाबतीत न्याय वेगळा कसा?

यंत्राला नाक मुरडणेही आपल्या गावाला शोभणार नाही. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. मात्र कॅमेरा घेऊन माणसाला डोंगरापर्यंत चालत जावे लागते. हे नवे यंत्र दाजीपूरला येत नाही. ते दुसऱ्यांनी पाहिलेल्यावर भागवते.

जगात थोडे नियम होऊ लागले आहेत. खेळ विकणाऱ्या ‘स्टीम’ या दुकानाने जानेवारी २०२४ मध्ये असा वापर जाहीर करणे बंधनकारक केले. ‘झार्या ऑफ द डॉन’ या चित्रकथेबाबत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरवले, की मजकूर आणि मांडणी लेखिकेची, यंत्राने काढलेल्या चित्रांवर मात्र तिचा हक्क नाही. म्हणजे फुकट आलेले चित्र तिथे पुरते आपलेही होत नाही.

घरात असे खेळ रचणारी मुले असतील, तर त्यांना रागावू नका. एवढेच सांगा, की यंत्राचा वापर पहिल्याच पडद्यावर लिहावा. कच्चे आराखडे यंत्राकडून घ्यावेत. ज्या दोन-चार चित्रांवर गोष्ट उभी आहे, ती कलानिकेतन किंवा दळवीजमधल्या एखाद्या विद्यार्थ्याकडून दाम मोजून काढून घ्यावीत आणि खेळ विकला गेल्यास त्यात त्याचा वाटा ठेवावा. चित्राला कुणी पैसे देईनासे झाले, तर चित्रकार व्हायला पोरे धजावणार नाहीत. मग यंत्राला तरी नवे काय मिळेल?

शेजारच्या मुलाला हे सगळे पटले, असे म्हणवत नाही. तूर्त गवा काढायला चित्रकला शिकणारी एक मुलगी तयार झाली आहे. आकडा ठरायचा आहे.