जळगाव मोठं की धुळं?
२०११ च्या जनगणनेत जळगाव शहर साधारण ४.६ लाख, धुळं पावणेचार लाख. फरक लाखाच्या आत. तरी रेल्वेने येणाऱ्याला जळगाव दुप्पट वाटतं! मुंबई-हावडा मार्गावरचं स्टेशन, रात्री-अपरात्री गाड्या, शिवाय महापालिकेची ती सतरा मजली इमारत. धुळ्याला चाळीसगावहून फाटा धरायचा आणि लाईन तिथेच संपते. मग गावही संपल्यासारखं वाटतं.

पण एसटीने या की! मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यातच एकमेकांना छेदतात. स्टँडवर सुरत, नाशिकच्या पाट्या शेजारी-शेजारी.

जुन्या धुळ्यातल्या गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात: गल्ली नंबर चार, पाच, सहा. सरळ, समांतर. नजर लांबवर जाते, म्हणून अंतर कमी वाटतं. (मे महिन्यात दुपारी चालून बघा, मग बोलू.)