शरीरसौष्ठव स्पर्धेची पूर्वतयारी : आहारनियंत्रण व व्यायामाच्या कालावधीचा शास्त्रीय विचार

प्रस्तावना

महाराष्ट्रात शरीरसौष्ठव स्पर्धांना दीर्घ परंपरा आहे. मुंबईच्या गिरणगावातील व्यायामशाळा आणि कोल्हापूरच्या तालमी यांतून शरीरसंपदेची जी आवड रुजली, तिला स्पर्धांनी निश्चित स्वरूप दिले. गल्लीतील मंडळाच्या स्पर्धेपासून 'जिल्हा श्री', 'महाराष्ट्र श्री' आणि 'भारत श्री' अशी ही चढती श्रेणी आहे. कोल्हापूरचे सुहास खामकर यांनी २०१० मध्ये 'मिस्टर एशिया' किताब मिळविला, तेव्हा या श्रेणीच्या वरच्या टोकापर्यंत मराठी युवक पोहोचू शकतो हे दिसून आले. अलीकडच्या काळात 'मेन्स फिजिक' व महिलांचे गट यांचीही भर पडली आहे.

या क्षेत्रात प्रवेश करणाऱ्या प्रत्येक युवकाचा पहिला प्रश्न असतो, 'तयारीला किती दिवस लागतात?' व्यायामशाळेतील प्रचलित उत्तर बहुधा 'तीन महिने' असे असते. प्रत्यक्षात मात्र अनेकांची तयारी स्पर्धेची तारीख जाहीर झाल्यावर, म्हणजे सहा-आठ आठवडे उरले असता सुरू होते. उशिरा सुरू झालेली तयारी घाईची होते, घाईतून उपासमार येते आणि उपासमारीनेही साधले नाही की औषधांचा मार्ग दाखविणारा कोणीतरी भेटतोच. म्हणून कालावधीचा प्रश्न वरवर वेळापत्रकाचा वाटला तरी तो स्पर्धकाच्या आरोग्याचा प्रश्न आहे. तयारीचा कालावधी कोणत्या आधारावर ठरवावा, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तयारीचे दोन भाग

प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. स्नायू वाढविणे आणि स्नायूंवरील चरबी उतरविणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी वर्षे लागतात, दुसऱ्यासाठी महिने. रंगमंचावर जे पिळदार शरीर दिसते ते स्पर्धेपूर्वीच्या तीन-चार महिन्यांत घडलेले नसते. त्या महिन्यांत ते केवळ उघडे पडते. ज्याने किमान दोन-तीन वर्षे नियमित वजन-प्रशिक्षण घेतलेले नाही, त्याने आहार कितीही कडक केला तरी रंगमंचावर तो बारीक दिसेल, घडीव दिसणार नाही. पुढील सर्व विवेचन दुसऱ्या कामासंबंधी, म्हणजे बोलीभाषेत ज्याला 'कटिंग' म्हणतात त्यासंबंधी आहे.

कालावधीचे गणित

एक किलो शारीरिक चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी ऊर्जा साठलेली असते. आठवड्याला अर्धा किलो चरबी कमी करायची तर दररोज सुमारे ५५० कॅलरींची तूट निर्माण करावी लागते. तूट वाढविली तर वजन लवकर उतरेल हे खरे, पण उतरणाऱ्या वजनात स्नायूंचा वाटा वाढण्याचा धोका असतो.

नॉर्वेतील गार्थे व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. खेळाडूंच्या एका गटाने दर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या सुमारे ०.७ टक्के, तर दुसऱ्या गटाने सुमारे १.४ टक्के या गतीने वजन कमी केले. दोन्ही गट वजन-प्रशिक्षण घेत होते व दोघांनीही एकूण वजन जवळजवळ सारखेच, साडेपाच टक्क्यांच्या आसपास घटविले. संथ गटाचे चरबीविरहित वजन सुमारे २ टक्क्यांनी वाढले. जलद गटात अशी वाढ झाली नाही. हे खेळाडू स्पर्धेतील शरीरसौष्ठवपटूंइतके कमी चरबीचे नव्हते, त्यामुळे वजन घटत असताना स्नायू वाढण्याची अपेक्षा स्पर्धकाने ठेवू नये. परंतु गतीचा परिणाम त्यातून स्पष्ट होतो. हेल्म्स, अ‍ॅरॅगॉन व फिचेन यांच्या २०१४ मधील आढावा-लेखात नैसर्गिक, म्हणजे औषधविरहित शरीरसौष्ठवासाठी आठवड्याला ०.५ ते १ टक्का ही मर्यादा सुचविली आहे.

आता एक उदाहरण घेऊ. एका युवकाचे वजन ७८ किलो असून त्याच्या शरीरात १८ टक्के, म्हणजे सुमारे १४ किलो चरबी आहे. उरलेले ६४ किलो चरबीविरहित वजन होय. हे ६४ किलो जसेच्या तसे टिकले आणि चरबी ६ टक्क्यांवर आली, तर रंगमंचावरील वजन ६८ किलोच्या आसपास येईल. म्हणजे त्याला सुमारे १० किलो चरबी कमी करावयाची आहे. आठवड्याला ०.७ टक्के गतीने, म्हणजे सरासरी अर्धा किलो धरल्यास २० आठवडे लागतील. १ टक्का गतीनेही १४ आठवडे होतात. याच वजनाचा दुसरा युवक १३ टक्के चरबीवर असेल तर त्याला सहा किलोंहून थोडे कमी वजन घटवावे लागेल आणि संथ गतीने त्याचे काम सुमारे १२ आठवड्यांत होईल.

'तीन महिने' हा प्रचलित आकडा दुसऱ्या युवकाला लागू पडतो. पहिल्याला तो फसवा ठरतो. हा आकडा ज्यांच्या अनुभवातून आला ते मुरलेले स्पर्धक वर्षभर चरबी आटोक्यात ठेवणारे होते, ही गोष्ट तो आकडा पुढे सांगताना गळून जाते. तयारीचा कालावधी दिनदर्शिकेवरून न ठरविता घटवावयाच्या चरबीवरून ठरवावा आणि मग स्पर्धेच्या तारखेपासून मागे मोजत यावे, हा या गणिताचा अर्थ आहे.

या गणितात दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. चरबी मोजण्याची सर्व साधने काही प्रमाणात चुकतात. त्वचेची घडी चिमट्याने मोजणाऱ्याच्या हातावर आकडा बदलतो आणि अनेक विद्युत वजनकाटे शरीरातील पाण्याच्या प्रमाणानुसार वेगवेगळी उत्तरे देतात. नवख्या स्पर्धकाला आपली चरबी आहे त्यापेक्षा कमी वाटते, हा तर सार्वत्रिक अनुभव आहे. दुसरे असे की, वजन घटत जाते तशी शरीराची ऊर्जेची गरजही घटते. पहिल्या महिन्यात लागू पडलेला आहार चौथ्या महिन्यात निष्प्रभ होतो. म्हणून हिशेबात येणाऱ्या कालावधीत किमान दोन-तीन आठवडे अधिक धरावेत. आठवडे शिल्लक राहिले तर आहार थोडा सैल करता येतो. कमी पडले तर मात्र काहीही करता येत नाही.

आहार व व्यायाम यांचे स्वरूप

वरील आढावा-लेखात चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे २.३ ते ३.१ ग्रॅम प्रथिने सुचविली आहेत. आपल्या उदाहरणातील युवकासाठी हे प्रमाण दिवसाला सुमारे १५० ते २०० ग्रॅम होते. एका अंड्याच्या पांढऱ्या भागातून साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, १०० ग्रॅम कच्च्या चिकनमधून वीस ग्रॅमहून थोडी अधिक, तर १०० ग्रॅम कोरड्या सोयावडीतून पन्नास ग्रॅमच्या आसपास. साधारण आर्थिक स्थितीतील कुटुंबाला हा खर्च पाच महिने पेलणे सोपे नाही. तयारी लांबविण्याचा सल्ला देणाऱ्याने हे विसरू नये. तथापि, महागड्या डब्यातील पावडरीशिवाय हे प्रमाण गाठता येत नाही, हा समज निराधार आहे. स्निग्ध पदार्थ पूर्ण बंद करणेही अयोग्य होय. एकूण ऊर्जेच्या १५ ते ३० टक्के भाग त्यांतून यावा असे मानले जाते.

व्यायामाबाबत एक रूढ गैरसमज असा की, स्पर्धा जवळ आली की वजने हलकी करून आवर्तने वाढवावीत, म्हणजे 'कट्स' येतात. कट्स येतात ते चरबी उतरल्याने. ज्या जड व्यायामाने स्नायू घडला, तोच व्यायाम तो टिकविण्याचा संदेश शरीराला देत असतो. आहार कमी झाल्यावर थकवा वाढतो, त्यामुळे संचांची संख्या थोडी कमी करावी लागेल, परंतु वजनाचा भार शक्य तितका टिकवावा. चालणे, सायकल यांसारखा व्यायाम तूट निर्माण करण्यास साहाय्यक म्हणून थोड्या प्रमाणात सुरू करून हळूहळू वाढवावा. पहिल्याच आठवड्यात दोन वेळा एकेक तास धावणाऱ्याजवळ पुढे वाढविण्यासारखे काही उरत नाही.

दीर्घ तयारीत अधूनमधून एक आठवडा आहार पूर्ववत करावा काय? पीओस व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये वजन-प्रशिक्षण घेणाऱ्या प्रौढांवर केलेल्या चाचणीत अशा विश्रांतीमुळे चरबी अधिक घटली असे आढळले नाही, मात्र भुकेची तीव्रता कमी राहिली. वीस आठवडे निभावून नेणे हाच प्रश्न असेल, तर हा लाभही लहान नाही.

दीर्घ तयारीची किंमत

लवकर सुरुवात करावी याचा अर्थ तयारी कितीही लांबवावी असा नाही. अत्यल्प चरबीच्या अवस्थेत शरीर काय करते, याचा एक जुना पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. नाडी मंदावली, सतत थंडी वाजू लागली, कामेच्छा ओसरली आणि मन अन्नाच्या विचाराने व्यापले गेले. युद्धग्रस्त लोकांच्या पुनर्वसनासाठी झालेला हा प्रयोग वाचताना स्पर्धेच्या शेवटच्या महिन्यातील शरीरसौष्ठवपटूचे वर्णन वाचत आहोत असे वाटते.

रोसो व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एका औषधविरहित स्पर्धकाचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांच्या तयारीत त्याची चरबी १४.८ वरून ४.५ टक्क्यांवर आली. हृदयाचे ठोके मिनिटाला ५३ वरून २७ पर्यंत उतरले आणि टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक एक चतुर्थांशावर आले. स्पर्धेनंतर सहा महिन्यांत ते पूर्वपदावर आले. हा एकाच व्यक्तीचा अभ्यास आहे. पण संथ व शिस्तबद्ध तयारीतही शरीराला एवढे मोजावे लागते, हे त्यातून कळते. फिनलंडमधील हुल्मी व सहकाऱ्यांच्या २०१७ मधील अभ्यासात २७ महिला स्पर्धकांनी सुमारे चार महिने आहारनियंत्रण केले. त्यांची बहुतेक संप्रेरके नंतरच्या तीन-चार महिन्यांत पूर्ववत झाली, मात्र थायरॉइडचे टी-३ हे संप्रेरक व टेस्टोस्टेरॉन यांची पातळी तोवर पूर्णपणे सावरली नव्हती. महिला स्पर्धकांची मासिक पाळी थांबणे हे तयारी 'जमल्याचे' लक्षण समजले जाते, ही अत्यंत घातक समजूत होय. तो ऊर्जा अपुरी पडत असल्याचा इशारा आहे आणि अशा वेळी वैद्यकीय सल्ला घेणे अनिवार्य आहे.

अखेरचा आठवडा

कमी पडलेले महिने शेवटच्या आठवड्यात भरून काढण्याचा प्रयत्न हा या संपूर्ण विषयातील सर्वांत धोकादायक भाग आहे. प्रथम मीठ बंद होते. महिनाभर अळणी जेवण घेतल्याने चरबी कमी होत नाही. कमी होते ते पाणी. त्यानंतर पाणी तोडले जाते, आणि शेवटी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या येतात. हेतू असा की त्वचेखालील पाणी जावे व शिरा उठून दिसाव्यात. पण शरीर केवळ त्वचेखालचे पाणी वेगळे काढून देत नाही. स्नायूंचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो आणि स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरले जाते. त्यामुळे एका बाजूने भात-बटाटे खाऊन स्नायू भरावयाचे आणि दुसऱ्या बाजूने पाणी तोडावयाचे, हे परस्परविरोधी प्रयत्न ठरतात. असा स्पर्धक रंगमंचावर चपटा व निस्तेज दिसतो. खालच्या वजनी गटात बसण्यासाठी दोन-तीन किलो पाणी काढणाऱ्यांची गत बहुधा हीच होते.

गोळ्यांचा परिणाम दिसण्यापुरता मर्यादित नाही. त्यांच्यामुळे रक्तातील पोटॅशियमचे संतुलन बिघडून हृदयाची लय विस्कळीत होऊ शकते. अल्जीरियात जन्मलेले मोहम्मद बेनाझिझा हे व्यावसायिक शरीरसौष्ठवपटू १९९२ मध्ये नेदरलँड्समधील स्पर्धेनंतर काही तासांतच मरण पावले. ऑस्ट्रियाचे आंद्रेआस म्युंझर १९९६ मध्ये अवयव निकामी होऊन वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या मृत्यूंची चर्चा या औषधांच्या संदर्भात आजही होते. लघवी वाढविणारी औषधे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहेत आणि भारतात २०२२ मध्ये यासंबंधी स्वतंत्र कायदाही झाला आहे. तरीही ओळखीच्या औषध-दुकानातून या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळवून देणारे 'सर' अनेक ठिकाणी भेटतात. ज्याची चरबी आठवडाभर आधीच उतरलेली आहे, त्याला या गोळ्यांची गरजच राहत नाही.

स्पर्धेनंतरचा काळ

तयारीच्या वेळापत्रकात स्पर्धेनंतरचे महिने क्वचितच लिहिलेले आढळतात. स्पर्धा संपताच मनसोक्त खाण्याने एका आठवड्यात पाच-सात किलो वजन वाढल्याची उदाहरणे व्यायामशाळांत सर्वांना ठाऊक आहेत. त्यातील बराचसा भाग पाण्याचा असला तरी, मिनेसोटा प्रयोगातील स्वयंसेवकांमध्येही पुन्हा आहार मिळू लागल्यावर स्नायूंपेक्षा चरबी अधिक वेगाने परतली होती. म्हणून आहार लगेच ऊर्जेच्या गरजेपर्यंत आणावा, काही किलो वजनवाढ अपेक्षित धरावी आणि झोप, नाडी व कामेच्छा पूर्ववत होईपर्यंत नवे आहारनियंत्रण हाती घेऊ नये.

महाराष्ट्रातील हंगामी स्पर्धा-श्रेणीमुळे येथे एक विशेष अडचण निर्माण होते. जिल्हा पातळीवर यश मिळालेल्या स्पर्धकाला काही आठवड्यांच्या अंतराने राज्य व नंतर राष्ट्रीय स्पर्धेत उतरावे लागते. ज्याची खरी अपेक्षा राज्य स्पर्धेची आहे, त्याने जिल्हा स्पर्धेत शंभर टक्के तयारीने न उतरता एखादा किलो चरबी शिल्लक ठेवावी आणि उरलेले आठवडे त्यासाठी वापरावेत. हंगाम फेब्रुवारी-मार्चमध्ये संपला, तर पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंतचा काळ शरीर सावरण्यासाठी व पुन्हा जड व्यायामाकडे वळण्यासाठी राखावा लागतो. पुढील हंगामाच्या वीस आठवड्यांची मोजणी त्यानंतरच सुरू करता येते; आणि ती वेळ साधत नसेल, तर एक हंगाम सोडून देणे हेच अधिक शास्त्रीय ठरते.